पिंपाला घातलेला कोट

एझिंगकेनी, त्सोमो
४ सप्टेंबर २०२३

झुकिस्वा,

मी बरी आहे. हे आधी सांगते, कारण तू पहिली ओळ वाचून घाबरतेस आणि मग बाकीचं नीट वाचत नाहीस. हात टियालीचा, बोलणं माझं. पोस्टातून निवृत्त होऊन त्याला अकरा वर्षं झाली. पण खाणीत गेलेल्यांच्या बायकांची पत्रं लिहून लिहून त्याला खोड लागलीय. मी 'बरी आहे' म्हटलं की हा 'देवाच्या कृपेने' जोडतो. या वेळी काही जोडलं तर चहा मिळणार नाही, असं सांगून बसवलाय.

फोन का करत नाही ते विचारू नकोस. रेंज येते ती टेकडीवर, आणि टेकडीवर घर आहे वन्संचं. माझं वाक्य फोनमध्ये शिरायच्या आधी त्यांच्या कानात शिरतं. म्हणून पत्र, आणि पत्र शुक्रवारच्या बसवाल्याकडे.

काम असं आहे. तुझ्या आजोबाच्या आत्म्याला घरी आणायचा दिवस ठरला, सोळा डिसेंबर. जाऊन दोन वर्षं झाली, अजून बाहेरच भटकतोय बिचारा. बैल ठरला. तुम्ही शहरवाले त्या सुट्टीत येणारच. राहिली बिअर. माझा उजवा खांदा आता कानाच्या वर जात नाही. तीन पायांचं लोखंडी भांडं मी ढकलू शकते, उचलू शकत नाही. लाकडं तर लांबच राहिली. हे वन्संना कळलंय. म्हणतात, "वहिनी, तुम्ही स्वस्थ बसा. बिअर मी माझ्या घरी करते." किती गोड. पण बिअर जिच्या चुलीवर, तुझा आजोबा भेले तिच्या दारात येणार, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. चाळीस वर्षं तो केपटाउनात राहिला, माझ्याकडे वर्षातून तीन आठवडे सुट्टीवर यायचा. मेल्यावर तरी त्याने बहिणीकडे उतरू नये.

तेव्हा बिअर तू करायचीस, माझ्या घरात. नातीने केली म्हणजे मी केली. गवताची गाळणी, डाव, फडकी, सगळं माझं तुला देते. या वस्तू बिअर करणारीच्या असतात, त्यावर कोणी हक्क सांगत नाही. तेवढं एक बरं आहे बायकांच्या नशिबात.

त्याचे कपडे धुऊन वाटले तेव्हा तुझ्या वाट्याला कोट आला होता. घालतेस का?

नोविनिले


खायेलित्शा, केपटाउन
१५ सप्टेंबर २०२३

मखुलू, माझ्या हट्टी आजी,

करते. पण आधी माझी अडचण ऐक.

इथे मी शनिवारी बिअर विकते, हे तुला ठाऊक आहे. चूल नाही, अंगण नाही. चर्चच्या बायकांनी चहाचं जुनं विजेचं पिंप विकायला काढलं, ते मी घेतलं. स्टीलचं, चाळीस लिटरचं, खाली नळ. त्यात पाणी उकळवायचं आणि आंबवलेलं मक्याचं आणि ज्वारीचं पीठ त्यात ढवळायचं. कल्पना चांगली होती. पण हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातून मी घरी येते आणि भारनियमन सुरू होतं, या दोन्हींच्या मध्ये मिळतात जेमतेम दोन तास. पत्र्याची खोली, फटींतून वारा शिट्ट्या घालतो. दोन तासांनी पाणी नुसतं कुरकुरतं, वाफ सोडतं, उकळत नाही. मग वीज जाते. गेले दोन शनिवार पीठ कच्चं राहिलं. एक गिऱ्हाईक म्हणालं, "बहिणी, ही बिअर आहे की गोठ्यातलं आंबवण?"

तिकडेही वीज जातेच. डिसेंबरात सगळ्यांसमोर असं झालं तर? मला झोप लागत नाहीये. पिंपाला मोठी शेगडी बसत नाही, बसवली तर घरमालकाचा फ्यूज उडतो. काय करू?

कोट नीट आहे. खुंटीवर आहे.

तुझी झुकी


एझिंगकेनी
२९ सप्टेंबर २०२३

झुकी,

तुझं पत्र टियालीने मला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा मीच सांगितलं, कारण 'गोठ्यातलं आंबवण' वाचताना त्याला हसू आवरत नव्हतं आणि मला ते नीट ऐकायचं होतं.

मोठी शेगडी हवी म्हणतेस. घरात चोर शिरला तर तू जास्त सामान आणून ठेवतेस का? आधी चोर पकड. तुझी आग पाणी तापवते आणि वारा ते चोरून नेतो. नागडं पिंप वाऱ्यात उभं केलंयस तू. शेळीलाही मी असं बाहेर काढत नाही.

माझ्या सासूने मला पहिल्या वर्षी हेच शिकवलं, तेही डाव पाठीत घालून. भांड्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला दगड रचायचे, दगडांच्या फटींत शेण लिंपायचं. झाकणावर मोठी परात उपडी, त्यावर ओलं पोतं, पोत्यावर दगड. दर घटकेला झाकण उघडून बघायचं नाही, भांडं काही पळून जात नाही. तुझ्याकडे शेण नाही, घोंगडी असेल. गुंडाळ. मात्र खाली विजेचं बूड आहे तिथे चार बोटं उघडं सोड, नाहीतर खोली पेटेल आणि वन्सं म्हणतील वहिनीने सांगितलं होतं.

हिवाळ्यात सुट्टीवर आला की तुझा आजोबा बिअरच्या भांड्याला पाठ लावून उभा राहायचा. त्या कोटासकट. मासे साठवायच्या शीतगृहात कामाला होता ना, म्हणून इतका जाड कोट. मी ओरडायचे, की बाजूला हो, आंबट वास बसेल. तो म्हणायचा, "मी याला सोबत करतोय." तीन आठवडे सगळा कोट ज्वारीच्या आंबट वासाने भरून जायचा, आणि तसाच परत जायचा.

कोटाचं तिसरं बटण मी मासे पकडायच्या दोरीने शिवलंय. ते आहे ना अजून?

नोविनिले


खायेलित्शा
१३ ऑक्टोबर २०२३

मखुलू,

उकळलं. एक तास चाळीस मिनिटांत, खदखदून, झाकण नाचत. वीज जायला वीस मिनिटं बाकी होती आणि मी खोलीत एकटीच टाळ्या वाजवत होते. बिअर आंबली का बघायला वर पेटती काडी धरली तर कोणीतरी फुंकावी तशी विझली. शनिवारी सगळी संपली. तो आंबवणवाला दोन डबे प्याला आणि तिसऱ्यासाठी रांगेत उभा राहिला.

आधी घोंगडी गुंडाळली होती. ती सारखी घसरून बुडाशी जायची, दोनदा करपली. मग चटई आणली, ती ताठ राहते पण फटी पडतात. शेवटी एक जुनं जाड काहीतरी मिळालं, नीट बसतं, खाली घसरत नाही. चोर पकडला.

बटण आहे. तू दर पत्रात कोटाचं विचारतेस. मी काही विकला नाही गं तो. काळजी करू नकोस.

झुकी


एझिंगकेनी
३ नोव्हेंबर २०२३

झुकिस्वा,

आता बैस, उभ्याने वाचू नकोस.

वन्संचा सिपिवो टॅक्सी घेऊन केपटाउनहून आला. तुझ्याकडे बिअर प्यायला आला होता म्हणे, आणि फोनमध्ये फोटो काढून आणला. टेकडीवर रेंज आहे, आणि फोटो बघायला तर रेंजही लागत नाही. रविवारी चर्च सुटेपर्यंत सगळ्या गावाने बघितला, मी सोडून. मला सोमवारी दाखवला. तुझ्या आजोबाचा कोट, वरपर्यंत बटणं लावलेला, दोन्ही बाह्या पाठीमागे बांधलेल्या, आणि आत पिंप. नळ कुठल्या दोन बटणांमधून बाहेर काढलायस ते मी बोलत नाही. टियाली लिहिताना खोकतोय.

घरची माणसं बसली. वन्सं उभ्या राहून बोलल्या, पाऊण तास. "आमच्या भावाला या पोरीने दारूचं पिंप केलं. तो कोट मी माझ्या हाताने वाटला होता. आता तो माझ्या भावाचा कोट राहिला नाही, भांड्याचं फडकं झालं." सगळ्यांच्या समोर बोलल्या, मोठ्या आवाजात. मग म्हणाल्या की असली बिअर पूर्वजांपुढे ठेवायची नाही, त्या स्वतः करतील, त्यांच्या घरी.

शेवटी थोरले दीर म्हणाले, "भेले रागावला असेल तर तो स्वतःच सांगेल. पोरीने इथे यावं. जसं तिथे केलं तसंच इथे करावं, तेच पिंप, तोच कोट. बिअरवर काडी विझली तर भेलेला चालतंय. काडी जळत राहिली तर कार्य नोम्बुलेलोच्या दारात." नोम्बुलेलो म्हणजे वन्सं. एवढ्या भाषणानंतर दिराच्या तोंडी त्यांचं नुसतं नाव ऐकून मला जरा बरं वाटलं, पण त्यावर खूश होत बसायची ही वेळ नाही.

तेव्हा आता सगळं तुझ्या एका उकळीवर आहे.

तू मला सांगितलं का नाहीस? 'जुनं जाड काहीतरी.' मी तुला खोटं बोलायला शिकवलं असतं तर यापेक्षा बरं शिकवलं असतं.

नोविनिले


खायेलित्शा
१० नोव्हेंबर २०२३

मखुलू,

चुकले. तू प्रत्येक पत्रात कोटाचं विचारायचीस, मला वाटलं तुला संशय आलाय. म्हणून जास्तच लपवलं.

त्या दिवशी दुसऱ्यांदा घोंगडी करपली होती आणि माझ्याकडे एक तास उरला होता. समोर खुंटीवर कोट. पिंपाला घातला तर असा बसला, जणू त्याच्याच मापाचा. बटणं लावली, बाह्या लोंबत होत्या म्हणून मागे बांधल्या. मग मागे सरकून बघितलं आणि अंगावर काटा आला, कारण कोपऱ्यात तो उभा होता. जाडजूड, गप्प, पोटात गुरगुर चाललेली. मी म्हटलं, तातोमखुलू, आजोबा, तेवढी उकळी येऊ दे. आणि आली. चेष्टा म्हणून केलं नव्हतं. त्यानंतर दर शनिवारी मी त्याला आधी नमस्कार करायचे. सिपिवोने तो फोटो काढला नाही.

आता काय करू? कोट दोन वेळा साबणाच्या पाण्यातून काढते, धुलाईखान्यात नेऊन. सगळा वास घालवते आणि आत्या-आजीला परत देते, माफी मागते. तिकडे पिंपाला चटईच बांधीन. थोरले आजोबा तोच कोट म्हणाले, पण आत्या-आजीसमोर तो मी कोणत्या तोंडाने घालू?

झुकी


एझिंगकेनी
१७ नोव्हेंबर २०२३

झुकी,

टियालीला ताप आहे, तरी उठवून आणलाय, कारण हे पत्र आजच्या बसने जायलाच हवं.

कोट धुवायचा नाही. पाण्याचा थेंब लावायचा नाही. धुतलास तर तुला दारात घेणार नाही.

पिंप आण. कोट घालूनच आण.

नोविनिले


खायेलित्शा
२२ डिसेंबर २०२३

मखुलू,

पोचले. सतरा तास बस, मांडीवर पिंप. घरी येऊन बोचकं सोडलं, तर आत पिंप आहे आणि कोट नाही. पिंपाला पोत्याची गुबगुबीत पिशवी घातलेली आहे, आत लोकर भरलेली, नळाला भोक, बूड चार बोटं उघडं, वर बंद. पिशवी सुंदर आहे. पण कोट कुठे आहे? त्या पहाटे मीच तो पिंपाभोवती बांधून बोचकं केलं होतं. बसमध्ये कोणी काढला की काय? आत्या-आजीने नेला? मी बसवाल्याकडे दोनदा जाऊन आले.

आणखी एक सांगायचं आहे, आणि हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

तेरा तारखेला दुपारी पहिलं पिंप लावलं तेव्हा तू दाराबाहेर चटईवर बसली होतीस आणि आत्या-आजी तुझ्यासमोर खुर्ची टाकून. तुम्ही दोघी आतल्या पिंपाचा आवाज ऐकत होतात. तासभर झाला, पिंप गरम होतं पण गाणं सुरू होईना. तुमच्याकडची वीज इतकी अशक्त की दिवा पिवळा जळत होता. मी कोटावर कान ठेवला. दीड तास झाला तेव्हा आत बारीक सळसळ सुरू झाली, आणि दहा मिनिटांत वीज गेली. उकळी यायच्या आधी.

आत्या-आजीने बाहेरून विचारलं, "उकळली का गं?" मी म्हटलं, "उकळली." झाकणाखाली बोट घातलं तर चटका बसला. मग मी कोट गळ्यापर्यंत बंद केला, वर तुझी परात आणि पोतं टाकलं, आणि एकही बटण न काढता, झाकण थोडंसं सरकवून आंबवलेलं पीठ आत सोडलं आणि ढवळत राहिले. एका तासाने पातळ पाणी दाट झालं. मी चाखलं. शिजलं होतं. उकळी न येता.

बाकीची दोन पिंपं नीट उकळली. पण आजोबांच्या नावाने मागच्या भिंतीशी ठेवलेलं मडकं पहिल्या पिंपातलं होतं. ते थोरल्या आजोबांनी स्वतः निवडलं. त्यांनी काडी धरली आणि ती विझली, तेव्हा सगळ्या बायका ओरडल्या, तू सोडून. तू माझ्याकडे बघत होतीस. तेव्हापासून मला वाटतंय की मी आजोबांना खोटं बोलून घरात घेतलं. तो खरंच आलाय का गं?

झुकी


एझिंगकेनी
१२ जानेवारी २०२४

झुकी,

साठ वर्षं मी भांड्यांशेजारी बसले आहे. उकळीचा आवाज मला तीन घरं सोडून ऐकू येतो. तुझ्या पिंपाने उकळी फोडली नाही हे मला चटईवर बसल्या बसल्या कळलं. म्हणून तर मी एकदम वन्संना त्यांच्या गुडघ्यांचं विचारलं. गुडघ्यांवर त्या पाऊण तास बोलतात. तेवढ्यात तुझं पीठ शिजलं. तू एक खोटं बोललीस, मी एक विचारपूस केली, दोन्ही मिळून एक बिअर झाली.

आता तुझा प्रश्न. आग गेली तरी त्या कोटाने ऊब धरून ठेवली आणि पीठ शिजवलं. मग पाण्याला सोबत कोण करत होतं? तो आला नसता तर काडी विझली नसती. एवढं मला पुरतं. तुला पुरत नसेल तर पुन्हा एकदा इकडे ये आणि त्यालाच विचार.

तू गेल्यावर काय झालं ते ऐक. बस दिसेनाशी झाली आणि वन्सं आल्या. आदल्या दिवशी चार डबे प्यायल्या होत्या, तुझ्या पहिल्या पिंपातले, त्यामुळे आवाज बसला होता. म्हणाल्या, "वहिनी, कार्य झालं, चांगलं झालं. आता माझ्या भावाचा कोट द्या. सिपिवोला हवाय." मी म्हटलं, "कोणता कोट?" म्हणाल्या, "माझ्या भावाचा." मी म्हटलं, "वन्सं, तो तर राहिलाच नाही. तुम्हीच सगळ्यांसमोर सांगितलंत, तो कोट नाही, भांड्याचं फडकं झालं. थोरल्या दिरांनी ऐकलं, टियालीने ऐकलं. आणि भांड्याची फडकी बिअर करणारीची असतात. सिपिवो बिअर करायला लागला असेल तर एक देते त्याला, धुण्याला टाकलंय बघा त्यातलं." त्या हसल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा. आपल्या नवऱ्याचे कपडेही दुसऱ्यांनीच वाटले होते, हे त्यांना आठवलं असावं. जाताना म्हणाल्या, "फडकं नीट वाळवा हं वहिनी, ओलं ठेवू नका."

बसवाल्याच्या मागे लागू नकोस. कोट मी काढून घेतला, तू पहाटे तोंड धूत होतीस तेव्हा. पिशवी मी आधीच शिवून ठेवली होती, घोंगडी करपते म्हणालीस त्या पत्रानंतर लगेच सुरुवात केली होती. तुला वाटलं मला संशय आला. मला संशय कशाचा येणार? बायकोने नवऱ्याचे कपडे ठेवायचे नसतात, आपल्याकडे तसंच आहे, आणि तसं मी केलं. पण कोट कुठे लटकतोय, बटण शाबूत आहे का, एवढं विचारायला तर कोणी बंदी केली नव्हती.

तो आता माझ्या खोलीत खुंटीवर आहे. कोणी आलं की मी सांगते, पिंपाचं फडकं आहे ते. तुझ्या सगळ्या शनिवारांचा वास त्यात बसलाय, आंबलेल्या ज्वारीचा. पूर्वी तो असाच वास घेऊन केपटाउनला परत जायचा. या वेळी वास तिकडचा आहे आणि कोट इकडे.

टियाली विचारतोय, 'देवाच्या कृपेने' लिहू का. लिही म्हटलं, या एका पत्रात.

नोविनिले